शंभरात नऊ

“लांजेवार मॅडम, आपण लाल झालो,” देवतळे साहेब म्हणाले आणि समोरचा तक्ता त्यांनी एका बोटानं माझ्याकडे सरकवला.

डॉ. देवतळे आमच्या पाथरखेडच्या सरकारी दवाखान्याचे अधीक्षक. माणूस सज्जन, कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण वरून कागद आला की गडबडून जाणारा. मी तिथली सर्जन, एकुलती एक. एका अंगाला कोळशाच्या खाणी, दुसऱ्या अंगाला चुनाभट्ट्या आणि पलीकडे जंगल. या सगळ्या मुलखाची पोटं फाडायची आणि शिवायची ती मीच. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्या तक्त्याचा रंग आठवला की अजून डोकं तापतं.

त्या वर्षी पहिल्यांदाच विभागातल्या सगळ्या दवाखान्यांची तुलना केली होती. शंभर ऑपरेशनं केली तर त्यातल्या किती जणांचे टाके पिकले, एवढीच गोष्ट मोजायची. कमी पिकले तो हिरवा, मधला तो पिवळा, जास्त पिकले तो लाल. आमचे शंभरात नऊ. बसस्टँडच्या पलीकडे ट्रस्टचं मोठं हॉस्पिटल होतं, तेही सरकारी योजनेतून फुकट ऑपरेशनं करायचं. त्यांचे शंभरात दोन. हिरवे, आणि वर तारा.

“गावभर झालंय,” साहेब म्हणाले. “सकाळी भाजीवाला विचारत होता, तुमच्याकडे टाके पिकतात म्हणे.”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“काय सांगणार? मेथी घेतली आणि आलो.” त्यांनी घाम पुसला. “खालची ओळ वाचा. पुढच्या तीन महिन्यांतही लाल राहिलो तर तातडीची सोडून बाकी सगळी ऑपरेशनं बंद. थिएटरला कुलूप. तुमची बदली.”

बदलीचं मला काही नव्हतं. आयुष्य बदल्यांमध्येच गेलं होतं. पण थिएटरला कुलूप लागलं, तर हर्निया किंवा गाठ घेऊन आलेल्या माणसानं जायचं कुठे? जिल्ह्याच्या गावाला दोन बस बदलून. आमची माणसं जात नसत. दुखणं अंगावर काढत आणि मग एक दिवस खाटेवर घालून आणली जात.

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मलाच धसका बसला. म्हटलं, आधी आपलं घर झाडू, मग दुसऱ्याच्या अंगणात बघू. थिएटरच्या इनचार्ज सिस्टर कुमरेंना बरोबर घेतलं आणि आम्ही कानाकोपरा उपसला. चुका सापडल्याही. हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्राचं झाकण वाफ सोडत होतं. ऑपरेशनआधी द्यायचं इंजेक्शन कधी कधी उशिरा पडत होतं. दोन्ही दुरुस्त करता करता दोन महिने गेले. मग टाके पिकलेल्या एकेका माणसाची आठवण काढत बसलो. कुणाची साखर आभाळाला भिडलेली, कुणी खाणीत फुफ्फुसं काळी करून वर बिड्या ओढणारा, कुणाच्या अंगात रक्तच नाही, कुणाचं आतडं घरीच फुटलेलं. आणि बरेचसे आमच्याकडे आलेले ट्रस्टच्या दारातून. तिथे दारातच एक टेबल होतं. बोटाला सुई टोचून साखर बघायची. जास्त निघाली की, “तुमच्यासाठी सरकारी दवाखाना बरा, तिकडे जा.”

“ते तांदूळ निवडून घेतात मॅडम,” कुमरे सिस्टर म्हणाल्या, “आन् खडे आपल्याकडे टाकतात.”

हे मी देवतळे साहेबांना सांगितलं, तर त्यांचा चेहरा खुलला.

“मग आपणही टेबल लावू की.”

“साहेब, त्यांनी हाकललेला माणूस आपल्याकडे येतो. आपण हाकललेला कुठे जाणार?”

त्यांनी टेबलाचा विषय सोडला. मग म्हणाले, “निदान त्या बेबीताईला तरी जिल्हा रुग्णालयात पाठवा. तिच्यापासून सुरुवात करू.”

बेबीताई पिंपळशेंडे आश्रमशाळेत स्वयंपाक करायच्या. बेंबीपाशी नारळाएवढा हर्निया. भाताचं मोठं पातेलं उचललं की तो बाहेर यायचा आणि बाई भिंत धरून उभ्या राहायच्या. आल्या तेव्हा साखर तीनशेच्या वर होती, रक्त कमी होतं. मी त्यांना वॉर्डात ठेवून घेतलं आणि इन्सुलिन सुरू केलं. साखर हळूहळू आवरली, फार चांगली नाही, पण कामापुरती. याहून जास्त थांबायची सोय नव्हती. दोनदा त्यांचं आतडं त्या हर्नियात अडकता अडकता राहिलं होतं. तिसऱ्यांदा अडकलं असतं तर बाई हातच्या गेल्या असत्या.

संध्याकाळी राउंडला गेले तर त्या खाटेवर ताठ बसलेल्या.

“माह्यामुळं दवाखाना बंद पडते म्हणे.”

“कोण म्हणालं?”

“तुमचे साहेब मोठ्यानं बोलते. सारा वार्ड ऐकते.”

“तुमच्यामुळे काही बंद पडत नाही. उद्या मीटिंग आहे, तिथे बघते मी.”

“कायची मीटिंग?”

“टाके का पिकतात त्याची.”

“मंग मी येतो ना तुमच्यासंगं.”

“बेबीताई, मीटिंगला पेशंट नेत नाहीत.”

“काऊन? गोष्ट तं पेशंटचीच हाय.”

रात्रभर तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं. सकाळी दवाखान्याच्या जीपमध्ये पुढे देवतळे साहेब बसले, मागे मी, आणि माझ्या शेजारी ठेवणीतलं लुगडं नेसून बेबीताई. साहेबांना मी सांगितलं, बाईंचं जिल्ह्याच्या गावाला काम आहे.

मीटिंग उपसंचालक टेंभुर्णे साहेबांसमोर होती. साध्या शर्ट-पँटमधले, कमी बोलणारे, कडक म्हणून ख्याती असलेले. बेबीताईंना मी बाहेर बाकावर बसवलं आणि आत गेले. समोरच्या रांगेत किशोर आसुटकर. ट्रस्टच्या हॉस्पिटलचा मुख्य सर्जन आणि नागपूरच्या कॉलेजातला माझा वर्गमित्र. हुशार माणूस, हातही चांगला. त्यानं पडद्यावर आपल्या थिएटरचे फोटो दाखवले. चकचकीत फरशी, काचेची दारं. टाळ्या पडल्या.

“आता लाल दवाखाने,” टेंभुर्णे साहेब म्हणाले. “पाथरखेड. शंभरात नऊ. काय झालं?”

देवतळे साहेब उठले, दोनदा खोकले आणि म्हणाले, “लांजेवार मॅडम सांगतील.”

मी उठले. “साहेब, आमच्या दोन चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या. पण मला एक विचारायचंय. आमच्याकडे कसली माणसं येतात, ते या तक्त्यात कुठे लिहायचं?”

“मॅडम, आकडा तो आकडा. माझे पेशंट अवघड आहेत, असं प्रत्येक लाल दवाखाना मला सांगतो. सगळ्यांचं ऐकत बसलो तर कुणीच लाल राहणार नाही.”

हे अगदीच खोटं नव्हतं. सबबी सांगणारे मीही पाहिले होते. म्हणून मी आवाज खाली ठेवला. “सबब नको साहेब, तपासा. ज्याची साखर तीनशे आहे आणि जो धडधाकट आहे, त्यांचे टाके सारखेच पिकतील का? दोघांना एकाच तागडीत घालून कुठला दवाखाना चांगला ते कसं ठरवणार?”

“सुलभा, वाईट वाटून घेऊ नको,” किशोर मागे वळून हसत म्हणाला, “पण नाचता येईना अंगण वाकडं, असं होतंय तुझं.”

हॉल हसला. देवतळे साहेबही हसले, घाबरून. आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

“अंगण वाकडंच आहे, किशोर. ये आणि नाचून दाखव.”

मी दार उघडलं. “बेबीताई, आत या.”

शिपाई आडवा आला, तर बेबीताईंनी त्याला हातानं बाजूला केलं. आत येऊन “रामराम साहेब” म्हणाल्या आणि कुणी म्हणायच्या आत पुढच्या खुर्चीवर बसल्या. देवतळे साहेबांनी डोळे मिटून घेतले.

“हा काय प्रकार आहे?” टेंभुर्णे साहेब म्हणाले.

“या मंगळवारच्या माझ्या पेशंट. बाईंना विचारून सांगते. आल्या तेव्हा साखर तीनशेच्या वर, अंगात रक्त कमी, वजन जास्त, बेंबीला एवढा मोठा हर्निया. किशोर, तुझं थिएटर हिरवं आहे. हे ऑपरेशन तू कर. टाके पिकले नाहीत तर मी सर्जरी सोडते, इथे सगळ्यांसमोर सांगते.”

“अगं, असं भर मीटिंगमध्ये...”

“हे डाक्टर मले वळखते,” बेबीताई मध्येच म्हणाल्या. “तीन डाव गेली होती मी यांच्या दारात. टेबलावरची पोरगी बोट टोचे अन् म्हणे सरकारीत जा. आता सोता डाक्टरच भेटले. घ्या न मंग मले.”

किशोर उठला. त्याचं हसू गेलं होतं. तो माझ्याशी बोललाच नाही, थेट टेंभुर्णे साहेबांकडे वळला.

“सर, हे बरोबर नाही. अशी केस शहाणा सर्जन घेत नाही. एवढी साखर, एवढं मोठं पोट. अशा चार पेशंटमध्ये एकाचे टाके पिकणारच, ऑपरेशन कुणीही करो.”

“कुणीही?” टेंभुर्णे साहेबांनी चष्मा काढला.

“कुणीही सर. मी केलं तरी.”

बोलला आणि थांबला. आपण काय बोलून गेलो ते त्याच्या लक्षात आलं, पण उशीर झाला होता.

“थँक्यू, किशोर,” मी म्हणाले. “चारात एक म्हणजे शंभरात पंचवीस. माझ्या वॉर्डातली निम्मी माणसं अशीच असतात. म्हणजे नुसत्या त्यांच्यातलेच बारा-तेरा पिकायला हवेत. बाकीच्यांचे धरून आमचे पिकले नऊ. आता तुझं सांग. तू साखरवाला घेत नाहीस, रक्त कमी असलेला घेत नाहीस, खोकणारा घेत नाहीस. काचेची दारं आहेत. एवढी निवडून घेतलेली धडधाकट माणसं, त्यांच्यात शंभरात एखादा पिकला तर पिकला. तुझे दोन कसे पिकले?”

किशोर खाली बसला. मला त्या क्षणी फार बरं वाटलं, ते लपवून काय उपयोग.

पण सरकारी हॉल तो. टेंभुर्णे साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि म्हणाले, “तक्ता वरून ठरून आलाय. त्यात एक रकाना वाढवायचा मला अधिकार नाही. या बाईंना जिल्हा रुग्णालयात पाठवा आणि विषय संपवा.”

“नाही पाठवणार.”

“मॅडम, मी सांगतोय.”

“लेखी द्या साहेब. या बाईंना साखर आहे म्हणून पाथरखेडला ऑपरेशन करू नये, एवढं लिहा आणि खाली सही करा. आत्ता इथूनच पाठवते.”

त्यांनी पेन उचललं नाही. मग बेबीताईच उठल्या. “चला मॅडम. माही जेवायच्या आधीची सुई राहिली.”

परतताना जीपनं अर्धी वाट कापली. मग देवतळे साहेब म्हणाले, “तुम्ही मला आधी सांगायला पाहिजे होतं.”

“सांगितलं असतं तर जीप दिली असती का?”

त्यांनी बराच विचार केला. “नसती दिली,” म्हणाले.

मंगळवारी मी बेबीताईंचं ऑपरेशन केलं. कुमरे सिस्टरनी त्या दिवशी थिएटरमध्ये माशीलाही फिरकू दिलं नाही. इंजेक्शन वेळेवर, हत्यारं चोख, साखर दर दोन तासांनी बघत होतो. आतडं नीट आत बसलं, पोटाचा पडदा घट्ट शिवला. इतकं मन लावून मी क्वचितच काही शिवलं असेल.

आणि टाके पिकले.

सहाव्या दिवशी पट्टी सोडली तर खालच्या दोन टाक्यांशी लाली, दाबल्यावर पू. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले आणि रडले. दुःखानं नाही, रागानं. एवढं सगळं करून शरीरानं आपलंच खरं केलं होतं. किशोर म्हणाला तसंच.

देवतळे साहेब स्वतः वॉर्डात आले. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, मी काल हिशेब केला. तीन महिने या आठवड्यात संपतात. हा एक धरला नाही तर आपण पिवळे होतो. थिएटर वाचतं.”

“धरला नाही म्हणजे?”

“म्हणजे जखमेतून थोडं पाणी आलं, असं लिहा. पू कशाला म्हणायचं? खोटं नाही ते. थोडं पाणीही असेलच की त्यात.”

सरळ सांगते, मी लगेच नाही म्हटलं नाही. एका शब्दानं थिएटर वाचत होतं. पुढे रांगेत अजून कितीतरी माणसं होती, साखरवाली, खोकणारी, कुठेच न घेतलेली. त्यांच्यासाठी एक शब्द खोटा लिहिला तर काय बिघडलं, असं वाटून गेलं. आम्ही बोलत होतो, आणि बेबीताई खाटेवरून ऐकत होत्या. देवतळे साहेबांचा हळू आवाजसुद्धा वॉर्डाला ऐकू जायचाच.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “माह्या पोटात पू हाय अन् तुमी त्याले पाणी म्हणान? म्या त्या मीटिंगीत छाती काढून बसली, ते कायले? पाणीच म्हणायचं होतं तं मले तिथं नेलं कायले?”

“बेबीताई, थिएटर बंद होईल,” मी म्हणाले.

“होऊ द्या बंद. बंद करणाऱ्याले दिसू द्या का माह्यासारखीले तुमी घेतलं म्हणून बंद झालं. नाई तं उद्या तेच म्हणतीन, पाहा, साखरवालीचेही टाके पिकत नाईत, मंग लांजेवार बाई उगीच बोंबलत होती.”

मग मी तक्ता मागवला आणि लिहिलं, पू.

तेवढ्यावर थांबले नाही. एकदा लिहायला बसलेच होते. रकाना नव्हता, म्हणून शेऱ्याच्या जागेत लिहिलं, साखर इतकी, रक्त इतकं, आधी दुसऱ्या दवाखान्यानं तीनदा परत पाठवलेली. मग त्या तीन महिन्यांतल्या सगळ्यांचंच लिहायला घेतलं. ज्यांचे टाके पिकले त्यांचं, आणि ज्यांचे पिकले नाहीत त्यांचंही. जागा पुरेना, तर कागद उलटा करून मागच्या बाजूला लिहिलं. कुमरे सिस्टर केसपेपर काढून वाचत होत्या, मी लिहीत होते. शेवटी सहीसाठी कागद देवतळे साहेबांपुढे ठेवला.

“मागच्या बाजूला लिहायची पद्धत नाही,” ते म्हणाले.

“माहीत आहे.”

“हे परत येईल आपल्याकडे.”

“येऊ द्या.”

त्यांनी पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग पुढच्या बाजूला सही केली, कागद उलटला आणि मागच्या बाजूलाही केली. त्या माणसाला मी भित्रा म्हणत आले होते. त्या दिवसापासून म्हटलं नाही.

बेबीताईंची जखम रोज धुतली. हळूहळू लाली उतरली, खालून लाल कोवळं मांस भरत आलं. आतली शिवण पक्की राहिली. जाताना त्या म्हणाल्या, “पिकलं तं पिकलं मॅडम, पण आतडं तं आत हाय ना.” आणि आपली पिशवी आपणच उचलायला लागल्या, म्हणून मी त्यांना ओरडले.

त्यानंतर आठवडाभरानं दुपारी ओपीडी चालू असताना फोन आला. देवतळे साहेबांनी फोनवर हात ठेवून सांगितलं, “टेंभुर्णे साहेब. स्वतः.” आणि फोन माझ्या हातात देऊन शेजारीच उभे राहिले.

“लांजेवार मॅडम, तुम्ही पुन्हा लाल आहात.”

“हो साहेब.”

“त्या बाईचे टाके शेवटी पिकलेच.”

“पिकले आणि भरूनही आले. बाई घरी गेल्या. तुमच्या जिल्हा रुग्णालयाच्या वाटेवर बसमध्ये आतडं अडकलं असतं, तर तुमच्या तक्त्यात त्या कुठेच आल्या नसत्या.”

त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, “थिएटर बंद करायचा आदेश टाइप होऊन माझ्या टेबलावर पडलाय. सही तेवढी राहिली आहे.”

देवतळे साहेबांना पलीकडचं ऐकू येत होतं. त्यांनी मला हात जोडून दाखवले.

“करा सही साहेब,” मी म्हणाले. “पण उद्या माझ्याकडे तिघांची ऑपरेशनं आहेत आणि ती मी करणार. तुमचा माणूस कुलूप घेऊन पोहोचेपर्यंत दोन तरी उरकतील. तिसऱ्याच्या वेळी त्याला दाराबाहेर थांबायला सांगा, आत पोट उघडं असेल.”

फोनवर कागद उलटल्याचा आवाज आला. पुन्हा उलटल्याचा. मला वाटलं, आता फोन आपटतील.

“कोण आहेत हे तिघं?” टेंभुर्णे साहेबांनी विचारलं.

“म्हणजे?”

“म्हणजे त्यांची साखर किती, अंगात रक्त किती, बिडी ओढतात का, कुणी परत पाठवलंय का. तुम्ही मागच्या बाजूला लिहिता ते सगळं. सावकाश सांगा, मी लिहून घेतोय.”

मी फोनवर हात ठेवला आणि सिस्टर कुमरेंना तिघांचे केसपेपर आणायला सांगितले.